मिशा असलेला निबंध

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही, पण त्यांचे शब्द मात्र चाळीस वर्षं ऐकले, तेही भलत्यांच्याच तोंडून. ते प्रॉम्प्टर होते. डावीकडच्या पहिल्या विंगेत एक बुटकं स्टूल, पत्र्याची टोपी घातलेला मिणमिणता दिवा, मांडीवर नाटकाची वही आणि ओळीवरून सरकणारं बोट, एवढाच त्यांचा संसार. नट अडला की त्याच्या कानापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेला कळणार नाही, असा शब्द सोडायचा. ही कला ज्याने पाहिली नाही, त्याने अर्धंच नाटक पाहिलं म्हणायचं.

पण त्यांची खरी करामत शब्द देण्यात नव्हती. तो न देण्यात होती. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो मुद्दाम थांबतो, सगळं थिएटर श्वास रोखून बसतं, आणि अशा वेळी विंगेतून शब्द आला तर सगळ्याचा चिवडा होतो. कुजबुजरावांना दोन्ही बरोबर ओळखू यायचं. विसरलेला नट जमिनीकडे बघतो, थांबलेला नट शेवटच्या रांगेच्याही वर बघतो. जिथे नट थांबणार, तिथे ते वहीत पेन्सिलीने एक गोल काढून ठेवत. गोल दिसला की ओठ मिटायचे. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाची थांबायची जागा बिघडवली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा नटांना आपल्या हारांचाही नसेल.

निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला एकच नट उरला, तो म्हणजे त्यांची नात.

नात सतरा वर्षांची, हुशार, पण बोलायला सावकाश. वाक्याच्या मध्येच थांबायची. पुढचा शब्द निवडून, पुसून, हातात घेऊन मगच बाहेर काढायची. एवढा वेळ कुणाला असतो? बेकरीवाला तिचं वाक्य संपायच्या आत कालच्यासारखाच ब्रेड बांधून द्यायचा, आणि तीही तो मुकाट्याने घरी आणायची. घरी आजोबा होतेच. ती म्हणायची, "आबा, मला आज शाळेत...", की आबांचा शब्द तयार. "कंटाळा आला?" ती मान हलवायची. आला नसला तरी हलवायची.

त्या वर्षी तिने बांधकामाच्या इंजिनीअरिंगसाठी एका चांगल्या कॉलेजात अर्ज केला. तिथे नुसते मार्क पुरत नव्हते. सहाशे शब्दांचा निबंध मागितला होता: तुम्हाला बदलून टाकणारी एक घटना लिहा. शुक्रवार शेवटचा दिवस. तो चुकला तर वर्ष हातचं जाणार.

आजोबांना स्फुरण चढलं. कित्येक वर्षांनी घरात संहिता लिहिली जाणार होती. नात वही घेऊन बसली, "मी जेव्हा..." म्हणून थांबली, आणि विंगेतून धडाधड शब्द सुटले. "मी जेव्हा नियतीच्या वादळात एकाकी उभी होते, तेव्हा अंधाराचा पडदा फाडून आशेचा एक किरण..." नातीने लिहून घेतलं. वादळ कुठलं, किरण कुठून आला, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण आजोबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं, आणि आजी आतून म्हणाली, "झालं का प्रवेशाचं, की अजून एक अंक आहे?"

मंगळवारी नातीने निबंध वर्गाच्या बाईंना दाखवला. घरी आली ती दप्तर न काढताच आजोबांसमोर उभी राहिली.

"आबा, बाई म्हणाल्या, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या."

आजोबांनी खुर्चीत पाठ ताठ केली.

"आणि म्हणाल्या, हा लिहिणारा... सत्तरीच्या पुढचा आहे. आणि त्याला मिशा आहेत."

आजोबांचा हात आपसूक मिशीकडे गेला. बाईंनी आणखीही सांगितलं होतं: यात तू कुठेच नाहीस, तू सापडलीस तरच पाठव.

ते रुसले. चहा नको म्हणाले, मग मागून प्यायले. पोरीला मदत करायची नाही तर काय, ती अडली की बघत बसायचं, असं ते बराच वेळ पंख्याला ऐकवत होते. आजी शर्टाला बटण लावत बसली होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तिने आपली वाक्यं पुरी करायचा नाद सोडला होता, असं ती हसत सांगायची. आज हसली नाही.

"अहो, कंपनीत तुम्हाला बरोबर कळायचं, कोण अडलंय आणि कोण थांबलंय. घरातच का कळत नाही?"

कुजबुजराव उठले. त्यांनी कपाटावरची जुनी वही काढली. पानापानावर पेन्सिलीचे गोल होते, मोठ्या नटांचे, छोट्या नटांचे, चार वाक्यांसाठी येणाऱ्या नोकराचासुद्धा एक. वही मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कोरे कागद मांडले, आणि तोंडात लिंबाची गोळी टाकली. नातीने गोळी कशाला म्हणून विचारलं, तर गालातल्या गालात म्हणाले, "पडदा आहे. तू बोल, मी नुसतं लिहितो."

तिने सुरुवात केली आणि थांबली. त्यांनी कागदावर एक गोल काढला. पुन्हा सुरुवात, पुन्हा गोल. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. तीन वेळा त्यांच्या जिभेवर शब्द आला, तीनही शब्द चुकीचे होते, हे त्यांना मागाहून कळलं.

ती सांगत होती ती गोष्ट त्यांनी कधीच ऐकली नव्हती. तीन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला इमारत चढत होती. तिथल्या इंजिनीअर बाई प्रत्येक स्लॅबच्या वेळी त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून पाण्याच्या टाकीत ठेवायच्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात घालून फोडायच्या. मुकादम घाई करायचा, बाई नुसतं "अठ्ठावीस" म्हणायच्या. नात कुंपणाच्या भोकातून बघायची. एकदा बाईंनी तिला आत बोलावलं. तिला एक विचारायचं होतं, आणि विचारायला तिला नेहमीसारखाच वेळ लागला. मध्ये ट्रक आला, हॉर्न वाजवून रिकामा झाला, गेला. बाई ओल्या हातांनी तशाच उभ्या. मग तिचं वाक्य पुरं झालं: फोडायचेच आहेत, तर बनवता कशाला?

"वरचं घर फुटू नये म्हणून," बाई म्हणाल्या होत्या.

नात थांबली. आजोबांनी गोल काढला. गोळी केव्हाच विरघळून गेली होती.

"माझी वाक्यं सगळे पुरी करतात," ती म्हणाली. "प्रेमानेच करतात. आबा सगळ्यात जास्त. पण माझं वाक्य... मी पुरं केलं की कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं."

त्यांनी तेही जसंच्या तसं लिहिलं. 'आबा' या शब्दापाशी पेन्सिल जरा रेंगाळली, एवढंच.

ती कागद वाचत होती. ही शून्यं कसली, तिने विचारलं.

"त्या तुझ्या जागा," आजोबा म्हणाले. "त्यांना कुणी हात लावायचा नाही."

"आणि ते तुमचं... ते ठेवू?"

वगळ म्हणायला त्यांचं मन धावलं होतं. पण म्हणाले, "लिहिणारी तू. मी फक्त वही धरली."

गुरुवारभर तिने एकटीने वाक्यं घासली, शब्द मोजले. शुक्रवारी निबंध गेला. वर्गाच्या बाईंनी मिशा कुठे दिसतात का ते आधी दोनदा तपासलं.

उत्तर यायला अठ्ठावीसहून पुष्कळच जास्त दिवस लागले. पत्र आलं तेव्हा नातीने ते उभ्यानेच उघडलं, मनात वाचलं, आणि मग दोघांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. कॉलेजचं नाव, तारीख, तिचं नाव. "आपला प्रवेश..." आणि ती थांबली.

आजीच्या हातातली सुई हवेतच राहिली. "अगं, बोल की."

कागद आजोबांच्या हाताच्या अंतरावर होता. मान थोडी वाकडी केली असती तर दिसला असता. त्यांनी मान वाकडी केली नाही. पडदेवाल्याला थोपवायचे तसा आजीकडे पंजा उचलला, आणि नातीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत नव्हती. कपाटाच्याही वर, छताच्या कोपऱ्याकडे बघत होती.

कुजबुजरावांना सगळं कळलं. पुढचा शब्द यायच्या आधीच त्यांच्या मिशा हसू लागल्या, पण ओठ मिटलेले होते.

"...निश्चित झाला आहे," नात म्हणाली, अगदी आपल्या वेळेला.