कानावरची पट्टी

धाकट्या भावाच्या गोळ्या सोडवायला कानात सुया टोचणार हे ऐकलं, तेव्हाच माझं डोकं सणकलं. स्कूटरवरून पडल्यावर पाठदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. बायको माहेरी निघून गेली तेव्हा तो सुभानपुऱ्यात माझ्याकडे राहायला आला आणि मी त्याची बहीण कमी, जेलर जास्त झाले. गोळ्या मला पावडरच्या डब्यात सापडल्या, बुटात सापडल्या, एकदा तर देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी पाणीसुद्धा फुंकायला लागले होते.

सयाजीगंजच्या त्या दवाखान्यात मी सोबत गेले ती पहारा द्यायलाच. कानांत बारीक सुया घेऊन सहा-सात जण डोळे मिटून खुर्च्यांवर बसले होते. यातला कोण कोणाला काय पुरवत असेल, एवढंच माझ्या मनात. यानं व्यसन सुटतं का, असं मी डॉक्टरबाईंना सरळच विचारलं.

"एकली सोयथी ना छूटे, बेन," त्या म्हणाल्या, म्हणजे नुसत्या सुईनं सुटत नाही. गोळ्या सोडवायला हॉस्पिटलनं दिलेलं औषध चालूच ठेवायचं. सुयांनी काहींची तगमग कमी होते, झोप लागते, काहींना काहीच फरक पडत नाही. स्वतःच्या धंद्याबद्दल बाई इतकं खरं बोलते म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं.

निघताना त्यांनी त्याच्या कानाला एक छोटी पट्टी चिकटवली. तलफ आली की ती दाबायची. मग तो जेवताना, टीव्हीसमोर, सारखा कान चिमटीत धरून बसायला लागला. पट्टीखाली गोळीचा तुकडा आहे, याची मला खात्रीच पटली.

रविवारी दुपारी तो झोपल्यावर मी नखानं पट्टी सोलली. खाली मोहरीएवढी काळी बी होती. खिडकीशी नेऊन पाहिली, दाताखाली धरून पाहिली. बीच होती, दाबली की कानाला टोचावी म्हणून लावलेली. मला माझी लाज वाटली. वळले तर तो जागा.

"गोळी शोधतेस, ताई? ती उशीच्या अभ्र्यात आहे. आठवडा झाला. एकच आहे. घेतली नाहीये."

माझा हात उशीकडे गेला. त्याचा कानाकडे गेला, आणि तिथं काहीच नव्हतं. तो मोकळा कानच चिमटीत दाबत राहिला.

मी उशी सोडली. बी ओढणीला पुसून परत लावली, पण पट्टीचा चिकटपणा गेला होता. ती टिकेना, म्हणून मीच बोटानं दाबून धरून बसले.