पट्टे नसलेली खार

माझा स्वभाव चौकस आहे. खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं, कुणाच्या गाडीवर नवा ओरखडा पडला, हे मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. नवरा याला भोचकपणा म्हणतो. म्हणू दे. हे मला बाबांकडून आलंय.

बाबा नागपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाल्यावर त्यांची प्रयोगशाळा म्हणजे माझा फोन. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या बाल्कनीतून ते मला कॅमेरा सावकाश फिरवायला लावायचे आणि एकेक प्रश्न टाकायचे. एवढी घरं दिसतात, मग रस्त्यावर माणसं का नाहीत? कपडे वाळत का घालत नाही कुणी? मला उत्तर आलं नाही की त्यांना जास्तच आनंद व्हायचा. "शोधून ठेव," म्हणायचे.

एका सोमवारी सकाळी, साडेनऊच्या मीटिंगला पाच मिनिटं असताना त्यांचा फोन आला. बाल्कनीच्या कठड्यावर एक खार बसली होती, करडी, मांजराच्या पिल्लाएवढी, झुपकेदार शेपटीची. बाबांना ती दिसली.

"अगं, हिच्या पाठीवर पट्टे कसे नाहीत? रामाची बोटं तिथवर पोचली नाहीत वाटतं."

"बाबा, मीटिंग आहे. नंतर सांगते."

"बरं बरं, काम कर," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. तिकडे मंगळवारची पहाट होती. बाबा झोपेतच गेले होते.

मला जाता आलं नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता, आणि गेले असते तर परत येण्यासाठी लागणाऱ्या नव्या शिक्क्याच्या मुलाखतीसाठी किती महिने तिकडे अडकून पडले असते याचा नेम नव्हता. भावाने फोन उंच धरून मला सगळं दाखवलं. मी ते जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिलं, शेजारी लॅपटॉप उघडा होता.

आणि मग मी ठरवलं, इथे कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्यालाही तशी ताकीद दिली. असं का ठरवलं, याचं मला स्वतःलाच कुतूहल वाटत राहिलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं पुष्कळ. कळलं असतं तर सगळ्याजणी डबे घेऊन आल्या असत्या, सोफ्यावर बसल्या असत्या, आणि पाच मिनिटांत कुणीतरी हमखास विचारलं असतं, "शेवटचं बोलणं झालं होतं का गं?" त्या प्रश्नाला मी घाबरत होते. मला बाबांना विसरायचं नव्हतं. फक्त तो एक फोन विसरायचा होता. बाकी सगळं राहू दे, एवढाच पुसला जाऊ दे, असं मी रोज मनात म्हणत होते.

लपवणं मला वाटलं होतं त्याहून फारच सोपं निघालं. डोळे लाल दिसले तर "पोलनची ॲलर्जी" म्हणायचं. त्या दिवसांत निम्म्या न्यू जर्सीला ती असते. मीटिंगमध्ये कुणी विनोद केला की मी हसायचे, तेही वेळेवर. अरे, ही बाई कशी काय हसते, असं म्हणत स्वतःकडेच बघत राहायचे.

गाडी अडली ती मोदकांपाशी. शनिवारी आमच्या मंडळाचा गणपती होता आणि नैवेद्याचे एकवीस मोदक माझ्याकडे होते. तिकडच्या तारखेने तो बारावा दिवस. सुतकात नैवेद्य कसा करायचा? एरवी मी काही फार सोवळ्याओवळ्याची नाही, पण हे हातून होईना. म्हणून गुरुवारी मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: "सॉरी, अडचण आलीय. मोदक प्लीज दुसरं कुणी करेल का?" या कारणावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मी निर्धास्त झाले.

शुक्रवारी संध्याकाळी दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या काकू. त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून रोज पार्किंग लॉटला फेऱ्या मारायच्या. चौकसपणात त्या माझ्याही वरचढ होत्या.

आत येऊन त्यांनी बूट काढले, खुर्ची ओढली आणि थेट विषयाला हात घातला.

"सुनेच्या मंगळागौरीला तू आली नाहीस, तेव्हा अडचण होती. बरोबर?"

"हो काकू." ते खरं होतं. इथे मंगळागौरसुद्धा शनिवारीच होते.

"आणि आता परत? बारा दिवसांत दोनदा? डॉक्टरला दाखवलंस का?"

हे काही माझ्या हिशोबात नव्हतं. मी म्हटलं, होईल ठीक, कामाचं टेन्शन आहे थोडं.

"टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतं. अंगावर किती जातंय? चक्कर येते का? डोळे बघू." त्यांनी माझी खालची पापणी खाली ओढली. "आणि हे रडल्यासारखे का झालेत?"

"पोलन."

"पोलन बिलन मला सांगू नकोस. सोमवारी तुला डॉक्टरकडे न्यायला लावते मी. माझी सून ड्राइव्ह करेल."

म्हणजे सोमवारपर्यंत साऱ्या बिल्डिंगमध्ये माझ्या तब्येतीची चर्चा. मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी खरंखुरं हसू, आणि ते मध्येच फिसकटलं.

"काकू, अडचण नाहीये. सुतक आहे. बाबा गेले माझे."

काकूंचा हात माझ्या गालावरच राहिला. "कधी?"

"आज अकरावा."

त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली. मग मला धीर देण्यासाठीच, अगदी मायेने म्हणाल्या, "मग तू मोदक का सोडलेस वेडे? लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं असतं. तुझं केव्हाच फिटलं."

मला हे खरंच माहीत नव्हतं. आणि कळल्यावर माझं डोकं फिरलं.

"तीन? कुणी ठरवलं तीन? माझे बाबा होते ते! एकतीस वर्षं माझे होते, आणि लग्न झालं म्हणून तीन दिवसांत फिटलं? मला जाताही आलं नाही, काकू. मी ऑफिसचं काम करत बसले होते. निदान तेरा दिवस तरी द्या मला!"

काकूंवर ओरडायचं काहीच कारण नव्हतं. तरी ओरडले, आणि मग त्यांच्याच पदरात तोंड खुपसून रडले. त्यांनी काही समजावलं नाही. रडून झाल्यावर विचारलं, "हे कुणाला सांगायचं नाहीये ना?"

"नाही."

"बरं. नाही सांगत."

खारीचं मात्र मी त्यांनाही सांगितलं नाही.

शनिवारी एकवीस मोदक काकूंनी केले. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर "तिला आराम करू दे" एवढंच म्हणाल्या, असं मला नंतर कळलं. जे मला आठ जणींना सांगितल्याशिवाय राहवलं नसतं, ते या चौकस बाईने पोटात ठेवलं.

सोमवारी सकाळी मीटिंगच्या जरा आधी परत टकटक. काकू दारात, हातात स्टीलचा डबा. उघडला तर वाफाळता शिरा.

"आज चौदावा ना? तू तेरा धरलेस. मग आज गोड खायचं."

मी उभ्या उभ्याच खाल्ला. वेलदोडा जरा जास्त झाला होता. काकू बाल्कनीच्या दारापाशी जाऊन बाहेर बघत होत्या. घड्याळात नऊ पंचवीस झाले होते आणि लॅपटॉपवर मीटिंगची सूचना वाजली.

"अगं," काकू म्हणाल्या, "किती दिवस विचारायचं होतं. इथल्या खारींच्या पाठीवर पट्टे कसे नसतात?"

मी चमचा डब्यात ठेवला. ह्या प्रश्नाचं निम्मंअधिक उत्तर मला त्या सोमवारीही येत होतं. दहा सेकंदांचं उत्तर होतं.

मी लॅपटॉप मिटला.

"पट्टेवालीसुद्धा असते, काकू. अगदी लहान. मागच्या दगडी भिंतीत तिचं बीळ आहे. बूट घाला, दाखवते."