अंगठ्याखालची रेघ

"आदी कागद पाह्य, मंग टाक उचल."

असं म्हणताना मामा समोरच्या कोऱ्या कागदावरून तळवा फिरवत. जात्याच्या पाळीवरचं पीठ पुसावं तसा, हलकेच, उजवीकडून डावीकडे. मामा म्हणजे आमच्या शाळेचे चपराशी. नाव होतं त्यांना, पण ते फक्त हजेरीपटावर निघायचं. बाकी सगळ्या शाळेचे ते मामाच.

असा माणूस तुमच्याही शाळेत असेल. घंटा देणारा, पाणी भरणारा, आणि मास्तरांपेक्षा पोरं जास्त ओळखणारा. कोण पास होणार हे मामा परीक्षेत पोरगं बसतं कसं यावरून सांगत. "जो पहिल्या घंटीलेच लिवाले लागते, तो शेवटच्या घंटीले रडते."

मामांना एकाच गोष्टीचा गर्व होता. ते सही करत. निजामाच्या राज्यात ते चार यत्ता उर्दू शिकले होते. तहसिलातून आलेला समन्स गावकऱ्यांना वाचून दाखवत. मग निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, आणि वाचता येणारे मामा एका रात्रीत अडाणी झाले. नव्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी हजेरीपटाशेजारी शाईची गादी सरकवली, तेव्हा मामांनी ती दोन बोटांनी परत सरकवली. "आमी अंगठेबहाद्दर न्हाय, साहेब." त्यांनी टाक घेतला, उर्दूत नाव काढलं आणि खाली उजवीकडून डावीकडे एक वळणदार रेघ ओढली. मांजर शेपूट टाकून बसतं तशी.

मी मॅट्रिकला बसले ते वर्ष राज्यं नव्यानं आखण्याचं. किनवट, राजुरा तिकडे मुंबई राज्यात जाणार, आपण इकडेच आंध्रात, अशी चर्चा बाबांच्या किराणा दुकानात चाले. माझीही वाटणी ठरली होती. बाबांनी सांगितलं होतं, एकदाच बसायचं. पास झाली तर नागपूरला मावशीकडे राहून कॉलेज, नाही तर किनवटचं स्थळ. स्थळाला मी पाहिलं नव्हतं. त्याच्या आईनं मात्र माझी वेणी ओढून खरी आहे का ते पाहिलं होतं. तेवढ्यावर मी अभ्यासाला लागले.

आणि अभ्यास तरी कसा? मी तेव्हा शहाणपणाचा रांजण होते, काठोकाठ. आमच्या वर्गात मॅट्रिकला बसणारी मुलगी मी एकटी. चालतानासुद्धा मान अशी ठेवायची, जणू डोक्यावर इतिहासाचं पुस्तक आहे. मामांनीच मला जमिनीवर आणलं. म्हणाले, "बाई, येते तर लय तुले. पन तीन तास बसून राह्यता येते का?"

नव्हतं येत. अर्ध्या तासात माझ्या पायाला मुंग्या यायच्या. मग दर रविवारी शाळेच्या अंगणात, लिंबाखाली, मामांनी माझी परीक्षा मांडली. सतरंजी, दौत, टाक. दर अर्ध्या तासानं ते घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हलकेच एक ठोका देत. मध्ये उठायचं नाही, पाणी तेच आणून देणार. लिहायला वह्याही त्यांनीच आणल्या. निजामाच्या वेळच्या कोऱ्या हजेरीवह्या, नव्या आल्यावर अडगळीत पडलेल्या. उर्दूच्या त्या, म्हणून उजव्या बाजूनं उघडायच्या. आपल्या वहीचं जिथं शेवटचं पान, तिथं त्यांचं पहिलं. वर्षभरात अशा सहा वह्या मी मराठीत भरल्या. हाताला तेच वळण पडलं. हे ना माझ्या ध्यानात आलं, ना मामांच्या.

परीक्षा जिल्ह्याच्या गावी. आम्हा सगळ्यांना घेऊन मामाच बसनं आले, आणि तिथं त्यांना पाणी वाटायचं काम लागलं. पहिला पेपर मराठीचा. प्रश्न पाहिले, सगळे येत होते. मग काय विचारता? कागद कुठला पाहते मी. रांजण फुटला. वही उघडली, वरच्या कोपऱ्यात नंबर टाकला आणि लिहीत सुटले.

दोन तास झाल्यावर मामा तांब्या घेऊन माझ्या बाकाशी आले आणि थांबले. मी वर पाहिलंच नाही. पर्यवेक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी लांबूनच हटकलं. मामा एवढंच बोलले, "पानी घे, बाई." पेला ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी माझी वही उचलली, पेला ठेवला आणि वही परत ठेवताना पालथी ठेवली.

समोर कोरं पान होतं. नंबर लिहायचे चौकोन रिकामे होते. मी सगळा पेपर मागच्या बाजूनं लिहीत आले होते.

त्या क्षणी मला किनवटचं स्थळ दिसलं. आणि त्याची आई.

पर्यवेक्षक आलेच. माझी वही पाहिली, मामांकडे पाहिलं. चपराशानं काही तरी सांगितलं, नाही तर मुलीला आत्ताच कसं कळलं, असा त्यांचा संशय. मामांना अक्षर येतं असं ठरलं तर माझा पेपर रद्द. त्यांनी हिंदीत विचारलं, पढना आता है क्या?

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "अनपढ आदमी हूं साहब. सीधा क्या, उल्टा क्या, मेरेकू क्या मालूम."

तिथंच जबाब लिहून घेतला गेला. खाली सही हवी होती. शेजारी टाक होता, गादीही होती. मामांनी जबाबाच्या कागदावरून तळवा फिरवला, उजवीकडून डावीकडे. मग अंगठा गादीवर दाबला.

आणि मी काय केलं? नंबर भरला, पानांवर आकडे टाकले आणि उरलेला निबंध पुरा केला. पर्यवेक्षकांनी वर स्वतःच्या हातानं शेरा लिहिला, उत्तरं शेवटून वाचावीत. मामा काय हुशार, असं मनात म्हणून मी हसलेसुद्धा. सोळा वर्षांच्या रांजणात याहून जास्त मावत नसावं.

पास झाले. नागपूरला गेले. दिवाळीत घरी आले तेव्हा मास्तरांना पेढे द्यायला सकाळीच शाळेत गेले. मामा हजेरीपटाशी उभे होते आणि अंगठा पुसत होते.

"मामा, सही काऊन नाही करत?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. जबाबाची नक्कल शाळेत आली होती. "सरकारी कागद आहे, बाई. मी सही केली तर जबाब खोटा पडते. मंग तुवा पेपर पुन्हा काढतीन."

मी खरं काय ते सांगायला हेडमास्तरांकडे निघाले. मामांनी वाट अडवली. "आदी कागद पाह्य. तू कालिजात शिकून राह्यली. त्या जबाबाच्या कागदावर हे खरं मावते का? जाय. बीए होऊन ये, मंग पाहू."

मी बीए होऊन आले तेव्हा घंटा दुसरंच कोणी देत होतं. मामा आदल्या उन्हाळ्यात गेले होते.

पुढे त्याच शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. एकदा कपाट आवरताना ते जुने हजेरीपट हाती लागले. उभी पानं भरून मामांच्या उर्दू सह्या. मग मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या तारखेपासून नुसते अंगठे, निळे, एकाखाली एक. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पट मिटणार होते. पण इतक्या वर्षांत तेवढं शिकले होते. आधी कागद पाहिला.

प्रत्येक अंगठ्याच्या खाली टाकानं ओढलेली बारीक रेघ होती. उजवीकडून डावीकडे गेलेली, टोकाशी वळलेली.