विजूच्या एडिटरचं दुसरं दार

उशीर झाला, माफ करा. विजूला जाऊन काल वर्ष झालं. कालपासून लिहितोय आणि पुसतोय. सातवी शिकलेला माणूस, काही चुकलं तर तिची क्लासची पोरं हसतील ही भीती.

पण माझी धाकटी बहीण जिंकून गेली. हे सांगायचंच होतं.

भूकंपात निलंग्याकडचं आमचं घर पडलं. एकच दार होतं, तेच दडपलं. शेजाऱ्यांनी भिंत फोडून विजूला बाहेर काढलं.

पत्र्याच्या शेडमध्ये शिकली. लातूरला गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा कॉम्प्युटर शिकवायला लागली.

पोरांना प्रोग्राम लिहायला तिने स्वतःचा कोड एडिटर बनवला. पोरं त्यात आपापल्या सोयी जोडायची, पण फक्त लुआ या कॉम्प्युटरच्या भाषेतून. नांदेडची नवी बॅच पायथन ही दुसरी भाषा शिकून आलेली.

"मॅडम, आमच्या भाषेतूनही जोडू द्या ना."

आजारी होती, तरी ते करायला बसली.

मी म्हणालो, "विजे, चालतंय ते कशाला उकरायलीस? जुन्या पोरांचं मोडलं म्हंजे?"

"दादा, एकच दार असलं की काय होतं, मला न्हाई ठाव?"

दोन महिने. दवाखान्याची खाट, मांडीवर लॅपटॉप.

एका दुपारी पायथनमधून रंगवायला सांगितलेली ओळ पिवळी झाली; नवं दार उघडलं. व्हिडिओ कॉलवर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला चैन पडेना. "आधी जुनं चालवून दाखव."

"लई भित्रा हाईस!"

लुआमधून सांगितलं, सातवी ओळ रंगव. मी स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं.

आठवी रंगली होती.

विजूने कोड पुन्हा उघडला.

लुआ एकापासून मोजते, पायथन शून्यापासून. नव्या भाषेसाठी तिने आतली मोजणी शून्यापासून केली आणि जुन्या बाजूला एक वजा करायचं राहून गेलं. जुन्या पोरांचं सगळं एकेक ओळ खाली सरकलं असतं.

एक वजा केलं. आता दोन्ही भाषांतून सातवी म्हणजे सातवीच!

विजू खाटेवरून ओरडली, "सिस्टर, आमच्या सातवी पास दादानं प्रोग्राममधला बग धरला! क्लासवर मास्तर म्हणून ठेवते ह्याला!"

तीन आठवड्यांनी गेली. दोन्ही दारं उघडी ठेवून.

विजे, लहान असलीस तरी तुला तुझ्या दादाचा नमस्कार.

आणि तिच्या जुन्या पोरांनो, तुमच्याकडे सातवी ओळ सातवीच रंगते ना? लवकर कळवा रे. जिवाला घोर लागून राहिलाय.