सतरा नंबरचा बिल्ला

बालाजीने मला फसवलं. आधी हे लिहून ठेवतो, मग बाकीचं.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भाजीवाल्याचा पहिला भाव मी मानत नाही, तर भुतं कुठून मानणार... नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसून मी कोडिंग शिकलो. बालाजी माझा पार्टनर. आम्ही एमआयडीसीतल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यासाठी अ‍ॅप केलं. कापड कापायला लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या फर्म्यांची नोंद ठेवणारं.

तिथली जुनी पद्धत अशी - प्रत्येक फर्मा भिंतीवर आपापल्या खिळ्याला टांगलेला; तो नेणारा कटिंग मास्तर त्या खिळ्यावर स्वतःचा नंबर असलेला पितळी बिल्ला अडकवतो, परत आणला की काढून घेतो. खिळ्यावर एकही बिल्ला नसेल, तरच तो फर्मा मोडीत काढायचा. अ‍ॅपची मेमरीही अशीच चालते. कोणीतरी धरून ठेवलेली वस्तू ती फेकत नाही.

मालकांनी एका जुन्या कॉलरचा फर्मा अ‍ॅपमधून डिलीट केला आणि अ‍ॅप क्रॅश व्हायला लागलं. नोंद गेली, पण तिचं ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतली वस्तू, अजून जिवंत. फर्म्यांची यादी उघडताना त्याला हात लागला की अ‍ॅप बंद. तीन दिवस मी कोड उसवला. त्याला धरणारे किती? स्क्रीनवर आकडा एक. कोण? ती जागा कोरी.

चौथ्या दिवशी भर दुपारी लॅपटॉप घेऊन मी आणि बालाजी मालकांबरोबर फर्म्यांच्या खोलीत गेलो. त्या कॉलरच्या खिळ्यावर खरंच एक बिल्ला होता. सतरा नंबर.

"किसनमास्तरचा हाय," मालक म्हणाले. "वारून दोन वर्षं झाली की. कुणी काढलाच न्हाय."

मी काढला. स्क्रीनवरचा धरणाऱ्यांचा आकडा शून्य झाला. भिंतीतल्या खिळ्याचा आणि अ‍ॅपचा काडीचा संबंध नाही - कोड मी लिहिलाय.

मालक फोन घ्यायला बाहेर गेले.

"योगायोग हाय," बालाजी म्हणाला.

"मग धर हातात."

त्याने बिल्ला घेऊन मूठ आवळली. मी स्क्रीन बघत बसलो. शून्य... शून्य... एक.

"मूठ उघड."

"कशाला?"

"उघड म्हणलं की."

रिकामी होती. बिल्ला समोरच्या भिंतीवर, खिळ्याला हलत होता. आम्ही दोघंही जागचे उठलो नव्हतो.

मालक परत आले. बालाजी त्यांना म्हणाला, "कोडात चूक हाय, मालक. तो भाग ह्याचा." आता ते काम तो एकटा बघतो. अ‍ॅप अजून क्रॅश होतं, असं ऐकतो.

कोड मी शंभरदा तपासला. कारण सापडलं नाही, हे कबूल. पण बालाजी वाचकांच्या अनुभवांचं हे सदर वाचतो, मला माहीत आहे. मूठ तुझी होती, बालाजी. ती रिकामी कधी झाली, हे मालकांसमोर येऊन सांग.