सक्तीचा आराम

देवरीजवळ आमची बस पंक्चर झाली, तेव्हा ढाब्यावरच्या बाजेवर एक ट्रकड्रायव्हर चिडून बसला होता. मी विचारलं, "ट्रक बिघडला का?"

"ट्रक चांगला हाय. दिवसभरात चालवायचे तास भरले म्हणते केबिनमधली मशीन. आता सक्तीचा आराम. चाक हललं का मालकाले मोबाईलवर दिसते. माल सोडून पायी जाताही येत नाही. अन् माहं घर पाहा, तिकडं दिसून राहिलं."

शेवटी त्याची बायकोच डबा घेऊन चालत आली. मशीनला शिव्या देत तो जेवू लागला.

"शिव्या कायले देता?" ती शांतपणे म्हणाली. "एरवी माह्यासमोर बसून कधी जेवता?"

तो नुसता भात कालवत राहिला. मग हळूच त्यानं विचारलं, "पोरगी आता कितवीत हाय?"