आत्मविकास, जगाचा बदल आणि बापूकाकांचा कांदा

जग बदलायला मी ज्या दिवशी घराबाहेर पडले, त्या दिवशी शेतातली मोटार चालूच राहिली.

आता मोटार चालू राहणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. आमच्या सणसरात रोज कुणाची ना कुणाची मोटार चालू राहते, पाणी बांध ओलांडतं, शिव्या इकडून तिकडे जातात आणि संध्याकाळी सगळे एकाच टपरीवर चहा पितात. पण आमच्या शेजारचं रान बापूकाकांचं. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, तात्यांचे, चुलतभाऊ. मधल्या बांधावरून या दोघांनी नऊ वर्षं अबोला धरला होता. (बांध कुणाचा याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. दोघांचे गुडघे एकाच वेळी दुखायला लागले, दोघं एकाच डॉक्टरकडे गेले आणि तिथल्या बाकावर बोलणं सुरू झालं.) गेल्या दिवाळीला त्यांच्याकडच्या करंज्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. त्या डब्यात भरताना आईनं मला बजावलं, "मने, आता कायबी वावगं घडू दिऊ नको बाई. लई वर्सांनी घर जोडलंय."

मी कशाला वावगं घडवते? मी तर बारामतीच्या कॉलेजात शिकत होते आणि उरलेल्या वेळात आत्मविकास करत होते! पहाटे पाचला उठायचं, गार पाण्यानं अंघोळ करायची, मग वहीत रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायची. (तिसरी गोष्ट कधीच सुचायची नाही, म्हणून मी रोज 'ऑक्सिजन' लिहायचे.) सहा महिन्यांत माझा इतका विकास झाला, की तो मला एकटीला आवरेना. मग मी तो वाटायचं ठरवलं. कॉलेजातली पाच-सहा टाळकी गोळा केली आणि तरुणांचं एक दिवसाचं शिबिर जाहीर केलं: 'आधी मी, मग जग'. जागा, कळस गावच्या देवळाचा सभामंडप. मुख्य वक्ती मीच, कारण फुकटात दुसरं कुणी येईना.

नेमकं त्याच दिवशी तात्या आणि आई इंदापूरला लग्नाला निघाले. चपला घालता घालता तात्या म्हणाले, "मने, आठला लाइट यील. उसाला दोन तास पाणी दे अन् बंद कर. इसरू नको."

"तात्या, मी आज शिस्तीवर बोलणार आहे. मला काय सांगताय?"

"म्हनूनच सांगतोय," तात्या म्हणाले आणि गेले.

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मीच हट्टानं मोबाइल स्टार्टर बसवून घेतला होता. त्याच्यात सिमकार्ड आणि त्यात नोंदवलेला नंबर फक्त माझा. जगात कुठूनही फोन लावायचा, एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. त्याला टायमरही होता, पण तो मी बंद करून ठेवला होता. शिस्त माणसाच्या अंगी असावी, मशीनच्या कशाला, असं माझं त्या काळातलं मत होतं. चोरांच्या भीतीनं स्टार्टरच्या पेटीला कुलूप असायचं आणि त्याची किल्ली माझ्या स्कूटीच्या जुडग्यात. थोडक्यात, आमच्या मोटारीवर माझ्याइतकी हुकमत दुसऱ्या कुणाची नव्हती. मी आठला एक दाबलं, कळसला पोचले. दहाला दोन दाबायचं होतं.

आणि साडेनऊला मी शिबिराचा पहिला नियम जाहीर केला. संध्याकाळी सहापर्यंत कुणाजवळही फोन राहणार नाही!

चाळीस पोरापोरींच्या तोंडचं पाणी पळालं. मी एक पत्र्याची पेटी समोर ठेवली आणि घसा साफ करून म्हणाले, "ज्याला स्वतःचा फोन सोडता येत नाही, तो जगाला काय धरणार? हा बघा, पहिला फोन माझा!"

टाळ्या! अहो, काय टाळ्या! मी फोन असा काही पेटीत ठेवला, जणू राज्यच सोडलं. त्यावर एकेक करून चाळीस फोन पडले, पेटीला कुलूप लागलं. किल्ली मी देवळातल्या गुरवमामांच्या हातात दिली. "मामा, सहाच्या आत ही किल्ली कुणालाही द्यायची नाही. मी स्वतः रडत आले तरी नाही."

"देवाफुडं ठिवतो," मामा म्हणाले.

मग मी बोलायला उभी राहिले. काय बोलले ते आता नीटसं आठवत नाही, पण 'जबाबदारी' हा शब्द पुष्कळदा आला होता एवढं नक्की. अकराच्या सुमारास मौन सुरू झालं. सगळे डोळे मिटून बसलेले, चिमण्यांचा आवाज, बाकी शांत. आणि पेटी थरथरायला लागली. घुर्रर्र... थांबली. पुन्हा घुर्रर्र... आतला कुठला तरी फोन जिवाच्या आकांतानं कापत होता आणि त्याच्याबरोबर पत्रा वाजत होता. दोन-तीन जणांनी डोळे उघडले. मी मंद आवाजात म्हणाले, "हा आवाज म्हणजे आपला मोह आहे. त्याच्यामागे धावू नका. तो आपोआप शांत होईल."

मोह आपोआप शांत झाला नाही. मोह तब्बल पाऊण तास वाजत होता! (नंतर पाहिलं तर माझ्या फोनवर बापूकाकांचे सदतीस कॉल होते.)

बाराला पुढचं सत्र होतं, 'आतला राग मोकळा करा'. नियम असा की सगळ्यांनी डोळे मिटायचे, ज्याला वाटेल त्यानं उठून मनातला राग मोठ्यानं बोलून टाकायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवून त्याला बळ द्यायचं. मीही डोळे मिटून माइकपाशी उभी होते. एक मुलगी गणिताच्या सरांवर चिडली, एक मुलगा रेंज नसण्यावर. आणि मग मंडपाच्या दारातून एक दणदणीत आवाज आला, "आरं, काय चाललंय काय हितं?"

"छान!" मी डोळे मिटूनच म्हणाले. "या, मोकळे व्हा."

"मोकळा काय हू? माझ्या कांद्यात पाणी शिरलंय!"

टाळ्यांचा कडकडाट. इतका अस्सल राग सकाळपासून कुणी काढला नव्हता.

आवाज ओळखीचा वाटला. पण त्या दिवशी मला सगळी माणसं आपलीच वाटत होती, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी विचारलं, "पाणी शिरलं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

"काय वाटलं? काढून ठिवलेला अख्खा कांदा हाय, उद्या गाडी भरायची हाय, अन् काय वाटलं म्हनं!"

टाळ्या.

"खूप छान. आता आणखी खोल जा. या रागाचं मूळ कुठंय, सांगाल?"

"तुझ्या मोटारीत हाय मूळ! डोळं उघड, मने!"

मी डोळे उघडले. समोर बापूकाका. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, पायात चप्पल नाही, हातात खोरं. ते खोरं घेऊन तसेच मोटारसायकलवर आले होते. टाळ्या अजून चालूच होत्या.

मोटार आठपासून चालू! ऊस भरून पाणी बांधावरून खालच्या अंगाला गेलं असणार आणि खालच्या अंगाला बापूकाकांचा काढलेला कांदा पातीखाली झाकून ठेवलेला. आईचे शब्द, करंज्यांचा डबा, नऊ वर्षांचा अबोला, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"बापूकाका, तुमी स्टार्टरची पेटी तोडून मोटार बंद का न्हाय केली?"

"चालू लाइटीत वल्ल्या हातानं पेटी तोडू? मग कांदा तरी कुनासाठी न्यायचा बाजारला? वायरमनला फोन केला, त्यो गेलाय बारामतीला. तुला केला तर तू उचलंना!"

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून वैभव नावाचा शेळगावचा मुलगा हळूच उठला. "ताई... मोटारीवरनं आठवलं. आमची बी चालू हाय."

"ताई, आमची बी." "माझी तर डाळिंबाला चालू हाय!" "ताई, किल्ली!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या पेटीत मी नुसते फोन कोंडले नव्हते. निम्म्या शिवारातल्या मोटारी कोंडल्या होत्या! सगळे गाभाऱ्याकडे पळाले. सगळ्यांत पुढे मी.

"मामा, किल्ली द्या!"

गुरवमामा शांतपणे म्हणाले, "वाजलं किती? बारा. तू सहा म्हनली हुतीस."

"मामा, लई घोटाळा झालाय!"

"तू रडत आली तरी दिऊ नका म्हनली हुतीस. बघ, रडायलाच लागलीस. म्हंजी बराबर चाललंय."

"मामा, मीच सांगितलं होतं, आता मीच सांगते द्या म्हणून!"

"मग सकाळची खरी का आत्ताची?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच आत्मविकासात नव्हतं. शेवटी बापूकाकांनी खोरं जमिनीवर आपटलं. "आरं गुरवा, देवानं सोताच्या हातानं दिली असती एव्हाना! आण हिकडं!" मामांनी देवाला हात जोडले आणि किल्ली दिली.

पेटी उघडली. एक्केचाळीस फोन, त्यातले तीस काळे. जो तो दुसऱ्याचा फोन उचलत होता. माझा सापडेपर्यंत माझा जीव जायचा बाकी राहिला. नंबर लावला, दोन दाबलं, आणि त्या मशीनमधली बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "मोटार बंद झाली आहे." आजूबाजूला वीस ठिकाणांहून तीच बाई तेच सांगत होती. सामूहिक साधना म्हणतात ती दिवसभरात तेवढीच झाली.

मग बापूकाकांच्या मागे आम्ही सगळे सणसरला. शिबिरासाठी ठरवलेला पिकअप, तेरा मोटारसायकली, माझी स्कूटी. रानात पोचून पाहिलं तर वाफ्यांत घोट्याच्या वर पाणी आणि कांद्याचे ढीग त्यात बसलेले. मी चपला काढून आत उतरले. मला खरंच रडू येत होतं आणि या वेळी ते थांबवायचं काही तंत्र आठवेना. "चुकलं माझं, बापूकाका," एवढंच म्हणता आलं.

"चुकलं ते दिसतंयच," ते म्हणाले. "वाकून उचल आता."

चाळीस जणांनी तीन तास कांदा उचलला. घमेली, पाट्या, बादल्या, शिबिराच्या सतरंज्या, जे हाताला लागलं त्यात. बापूकाकांचं खळं भरलं, मग आमचं अंगण, मग आमची पडवी, मग घरावरचं धाबं. तळाचा थर हातचा गेला, तेवढा आम्ही बाजूला काढला. बाकीचा वरचा कोरडा निघाला. उरलेलं शिबिर तिथंच झालं. कुणी भाषण केलं नाही आणि सकाळपासून पहिल्यांदाच कुणाला कंटाळा आला नाही, हे मला जरा लागलं.

पाचच्या सुमारास तात्या-आई लग्नाहून आले. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, पडवीत कांद्याला टेकून चाळीस चिखलानं माखलेली पोरं शिबिराची भेळ खातायत आणि मध्ये खाटेवर बापूकाका. आईनं माझ्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती मटकन खाली बसली, तीही कांद्यावरच.

तात्यांनी पायाखालचा एक कांदा उचलला. "बापू... आमच्या पान्यानं झालं का हे?"

मी मनात आकडा मोजला. आणखी नऊ वर्षं, माझ्या नावावर!

बापूकाकांनी भेळेचा बकाणा संपवला. "व्हय. तुझ्याच पोरीनं भिजिवला अन् तुझ्याच पोरीनं काढला. भांडायचं तरी कुनाच्या बाजूनं, त्येच कळंना. बस, भेळ खा."

तात्या बसले. आईनं डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, गार पाण्याच्या अंघोळीनंतरसुद्धा नाही.

पण बापूकाकांनी एक अट घातली आणि ती तिथल्या तिथं, माझ्याच फोनवरून, पुरी करून घेतली. आमच्या स्टार्टरमध्ये दुसरा नंबर त्यांचा नोंदवला. आता माझं कुठंही भाषण असलं, की ते आधी आईकडून वेळ विचारून घेतात आणि बरोबर त्या ठोक्याला फोन लावून दोन दाबतात. मी बोलायला उभी राहिले, की आमच्या रानातलं पाणी थांबतं. माझ्या बोलण्यानं जगात घडलेला एवढा एकच बदल आजवर माझ्या पाहण्यात आहे.